मधलं सोडून बाकी सगळं

माझे डोळे चांगले होते तोवर माझ्या आयुष्यात सांगण्यासारखं काहीही घडलं नाही. सेहेचाळीस वर्षं मी नुसता शिवत होतो. डोळे बिघडले आणि दर आठवड्याला एक किस्सा व्हायला लागला! ते मी जमवले नाहीत. दुकानात येणारे लोक जमवतात आणि मलाच परत सांगतात. तेही नाव बदलून, 'कुठंसा एक शिंपी होता' असं म्हणून, माझ्या तोंडावर! त्यापेक्षा मीच सांगितलेले बरे.

तर मी नंदुरबारचा शिंपी. गावात लहानथोर सगळे मला जिभाऊ म्हणतात. दुकानात मशिनी दोन. एकीवर मी, दुसरीवर उस्मानभाई. त्यांचे वडील माझ्या वडिलांच्या शेजारी शिवायला बसायचे, त्यामुळे आम्ही भागीदार नेमके कधी झालो हे दोघांनाही आठवत नाही. या सगळ्या गोष्टी दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आधीच्या, नंदुरबार पश्चिम खानदेशात होतं तेव्हाच्या.

*

सुरुवात गजापासून झाली.

एके सकाळी कोटाची पाठ शिवून उचलली, तर मधली शिलाई वाकडी. उसवली, परत मारली. परत वाकडी! तिसऱ्यांदा उसवायला घेतली तेव्हा उस्मानभाईंनी कापड माझ्या हातातून काढून घेतलं आणि दारात उजेडाला धरलं.

"जिभाऊ, सिलाई तो सीधी है."

"सीधी? मध्ये पोट सुटलंय तिला!"

"पोट किसी का नहीं छूटा. आप चाय पियो."

चहा प्यालो. मग माझ्या लक्षात आलं की दोष शिलाईचा नाही, गजाचा. ज्या लाकडी गजानं खडूच्या रेघा मारायच्या तोच वाकला असणार. गज डोळ्यांसमोर धरला, तर खरंच मधोमध बाक! वीस वर्षं वापरलेला गज, दिला टाकून. सुताराकडून नवा करून आणला. दुकानात आणून बघतो तर तोही वाकडा!

आता मात्र माझं डोकं फिरलं. टाकलेला गज शोधून काढला, दोन्ही काखेत मारले आणि भिका सुताराच्या दारात जाऊन उभा राहिलो. अर्ध्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "ओलं लाकूड कापतोस का रे?"

भिकानं दोन्ही गज टेबलावर एकाला एक लावून ठेवले. मध्ये फट नाही. मग माझा हात धरून त्यांच्यावरून फिरवला. बोटांना सरळ लागत होतं. डोळ्यांना वाकडं दिसत होतं. बोटं आणि डोळे एकाच माणसाचे!

मग हात सोडला आणि हळूच आपल्या खानदेशी बोलीत म्हणाला, "जिभाऊ, तुमना गज सरळ शे. मन्हं टेबल बी सरळ शे. आते उरनात तुम्ही!"

*

दोन-तीन महिन्यांत वाकडं दिसायचं थांबलं आणि दिसायचंच थांबलं. म्हणजे सगळं नाही. मधलं. एखाद्याच्या तोंडाकडे बघावं तर तोंड गायब. पागोटं दिसतं, खांदे दिसतात, सदऱ्याचं खालचं बटण तुटलंय ते दिसतं, आणि तोंडाच्या जागी मळकं धुकं.

शेवटी आगगाडीत बसून मिशनच्या दवाखान्यात गेलो. बरोबर माझी बायको, म्हणजे आमच्या मुलाची, सुपडूची माय. तिथल्या डॉक्टरीणबाई गोऱ्या होत्या आणि छापील पुस्तकासारखं मराठी बोलायच्या. खोलीत अंधार करून त्यांनी डोळ्यांत बारीक दिवा घातला, बराच वेळ आत बघितलं आणि मग खिडकी उघडली.

"आपल्या डोळ्यांच्या आतील पडद्यास मधोमध इजा झाली आहे. आपण पूर्ण आंधळे होणार नाही. कडेचे दिसत राहील. मधले दिसणार नाही."

"औषध?"

"नाही."

इतकं सरळ 'नाही' मला तोवर कुणीच म्हटलं नव्हतं. आमच्या आळीत प्रत्येकाकडे माझ्या डोळ्यांचं औषध होतं! कुणी शेवग्याचा रस सांगे, कुणी शेळीचं दूध.

"चष्मा?"

"उपयोग होणार नाही."

"मग बाई, मी शिंपी माणूस. मी करू काय?"

"कडेने पाहण्याची सवय करा," बाई म्हणाल्या. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. तोंड दिसलं नाही, पण हात चांगल्या माणसाचा होता.

बाहेर बाकावर सुपडूची माय वाट बघत बसली होती.

"काय बोलनी ती?"

"औषध नही म्हने. कडेनं देखाले शिका म्हने."

ती पदर खोचून उठली.

"त्यामा नवं काय शे? लगीन झायं तव्हापासून तुम्ही मन्हाकडे तसंच देखतस!"

परत येताना गाडीत आम्ही दोघं इतके हसलो की समोरच्या बाकावरच्या बाईनं आपलं गाठोडं उचललं आणि दुसरीकडे जाऊन बसली.

*

पण कडेनं बघायचं म्हणजे नेमकं कुठं बघायचं? ते मला वेस्तानं शिकवलं.

वेस्ता तोरणमाळचा. थंडीत मध आणि चारोळी घेऊन खाली उतरायचा आणि वर्षाला एक बंडी आमच्याकडून शिवून न्यायचा. घरी पावरी बोलणारा माणूस, आमच्याशी मोडक्यातोडक्या मराठीत बोले. त्याला माझं दुखणं सांगितलं, तर तो हसायलाच लागला.

"हे तर आमी रोज करतो! दिवस बुडताना झाडात पाखरू बसलं, सरळ पाहिलं का ते जातं. बाजूच्या फांदीकडे पाहिलं का ते दिसतं."

त्यानं मला दुकानाच्या पायरीवर बसवलं आणि आपण रस्त्यात उभा राहिला. "माझ्या कानाकडे पाहा. नाही? डोक्याच्या वर पाहा. नाही? आता खाली पाहा, जरा डाव्या अंगाला." येणाऱ्या-जाणाऱ्या बैलगाड्या त्याला वळसा घालून चालल्या होत्या.

एक वीत डावीकडे आणि थोडं खाली बघितलं, आणि वेस्ताचं तोंड उगवलं! पुसट होतं, पण नाक होतं, मिशा होत्या. चार महिन्यांत मला दिसलेलं ते पहिलं तोंड. मी ओरडलोच, "दिसला!"

"दिसलो ना? मग सांग, कसा मी?"

"म्हातारा झालास रे वेस्ता! सगळे केस पिकले!"

वेस्तानं कंबरेवर हात ठेवले.

"सरळ पाहा परत!"

*

एक छोटासा किस्सा जेवणाचा.

ताटाच्या मधोमध वाढलेलं मला दिसेना. वरणाकडे बघून भाकरी शोधायला लागायची. तेव्हा सुपडूच्या मायनं वाढण्याची पद्धतच बदलली. सगळं ताटाच्या काठानं. भाकरीचे चार तुकडे चार बाजूंना, भाजी इकडे, ठेचा तिकडे. मध्ये रिकामं मैदान.

शहाद्याहून माझे चुलतभाऊ आले. फार देवभोळा माणूस. त्यांनी माझं ताट बघितलं, आपलं बघितलं, आणि आपला भाताचा ढीग बोटांनी ढकलत ढकलत काठाला लावला. पूर्ण जेवण तसंच केलं, डोळे मिटून, शेवटी हात जोडून! आचवल्यावर त्यांनी वहिनीला अदबीनं विचारलं, "कितला सोमवारनं व्रत शे हाई?"

"मरेपर्यंतनं!" ती म्हणाली.

*

आता जरा लाज वाटणारा किस्सा सांगतो.

नवापूरकडच्या डोंगरातले योसेफदादा आमचे जुने गिऱ्हाईक. ख्रिस्ती शेतकरी, अंगानं दणकट, बोलायला मऊ. मुलाच्या लग्नासाठी त्यांनी काळ्या कापडाचा कोट टाकला. आयुष्यातला पहिला कोट! उस्मानभाई म्हणाले, मी कापतो. मी म्हटलं, नाही, योसेफदादांचं कापड मीच कापणार. माझी कातर अजून चालते हे मला दाखवायचं होतं. कुणाला, ते विचारू नका.

काळं कापड, त्यात उलट कुठली आणि सुलट कुठली हे चांगल्या डोळ्यांनाही चटकन कळत नाही. उस्मानभाई त्या दिवशी जुम्म्याच्या नमाजाला गेलेले. तेवढ्यात मी बाह्या कापल्या आणि लावूनही टाकल्या. शनिवारी सकाळी योसेफदादा न्यायला आले, लग्न रविवारी. कोट घातला. डावा हात बाहीत गेला आणि छान खाली पडला. उजवा हात बाहीत गेला आणि पुढेच राहिला! कोपरात वाकलेला, कुणाला काहीतरी द्यायला निघाल्यासारखा. खाली दाबला की परत वर.

उस्मानभाईंनी बाही चाचपली आणि डोळे मिटून घेतले. दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या होत्या!

मला तर जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. मी म्हटलं, "दादा, कोट काढा. नवं कापड आणतो, दिवसभर बसतो, पण..."

योसेफदादा भिंतीवरच्या आरशात बघत होते. उजवा हात त्यांनी दोनदा दाबला. दोनदा तो वर आला.

"राहू द्या, जिभाऊ," ते म्हणाले. "लग्न मुलाचं आहे. मला उद्या दिवसभर लोकांशी हात मिळवायचाय. हा आपोआपच पुढं येतो!"

कोट त्यांनी काढू दिला नाही. तसेच हात पुढे करून स्टेशनाकडे गेले. रस्त्यात दोघांनी त्यांच्याशी हात मिळवलाही.

त्या दिवसापासून कातर उस्मानभाईंकडे गेली. मी शिवायचं काम ठेवलं. शिलाई बोटांना कळते, सुई तेवढी दुसऱ्यानं ओवून द्यावी लागते. उस्मानभाई मात्र कुठलंही कापड कापायच्या आधी कातर माझ्या हातात देतात आणि म्हणतात, "धार देख लो, जिभाऊ." मी अंगठ्यानं धार बघतो आणि परत देतो. रोज. धार रोज ठीकच असते.

*

आमचा मेव्हणा नामदेव, सुपडूच्या मायचा धाकटा भाऊ. त्याचं ठाम मत होतं की मी सोंग करतो. बहिणीला त्यानं सांगितलं, "माणूस रस्त्यानं नीट चालस, खड्डा चुकाडस, आनि म्हने दिखत नही! मी परीक्षा लेस."

एका दुपारी तो दुकानात आला आणि न बोलता माझ्यासमोर उभा राहिला. मी मशीनवर. कुणीतरी आलं एवढं कळलं. तो पाय उचलून पुढे यायला आणि मी म्हणायला एकच गाठ पडली, "सांभाया भाऊ, पायजवळ सुई शे!"

नामदेव जागच्या जागी उडाला. खाली बघतो तर खरोखर सुई! सुई माझ्या डोळ्यांच्या कडेला होती, चमकली. त्याला वाटलं, चोर सापडला. पण परीक्षा पुरी करायची म्हणून तो अजून गप्पच.

मला वाटलं नवीन गिऱ्हाईक, लाजाळू दिसतं. "या, माप देनं शे ना? उभा ऱ्हा." टेप घेतली. खांदा घेतला. छाती घेतली, चौतीस. बाही घेतली. मग टेप पोटाभोवती नेली, तर ती पुरेना. पुढे ओढली, बोटांनी आकडा चाचपला.

"पोट चव्वेचाळीस! अरे, नामदेव, तू कव्हय उना?"

तेव्हापासून तो मला सोंगाड्या म्हणत नाही. जेवायला येतो तेव्हा मात्र दुकानाच्या बाजूनं येत नाही.

*

फौजदारांचा किस्सा तुम्ही ऐकला असेलच, पण लोक तो चुकीचा सांगतात. मी त्यांना अटक केली असं म्हणतात. तसं काही नव्हतं.

फौजदारसाहेब साताऱ्याकडचे. दिसायला उग्र, आवाज त्याहून उग्र. युनिफॉर्मचा नवा कोट आमच्याकडे टाकला होता, ट्रायलला आले होते. उकडत होतं म्हणून त्यांनी अंगातला जुना कोट काढून खुंटीवर लावला, वर टोपी अडकवली आणि आपण बाजूच्या बाकावर टेकले.

मी आतल्या खोलीतून कच्च्या टाक्यांचा कोट घेऊन आलो. तोंडात चार टाचण्या. बघतो तर भिंतीजवळ कोट, कोटावर टोपी, मध्ये नेहमीचं धुकं. म्हणजे साहेब उभे आहेत! पोलीस आहेत म्हणून ताठ उभे असतील, असं मी धरून चाललो.

बगलेचं माप बघायचं होतं. म्हटलं, "साहेब, हात वर करा."

साहेब हलले नाहीत.

माझ्या तोंडात टाचण्या असल्या की आवाज जरा करडा येतो. "हात वर! दोन्ही!"

तरी नाही. मला राग आला. कोट नीट बसला नाही तर बोलणी मला खावी लागणार! "अजून वर! आणि मी सांगेपर्यंत हलायचं नाही!"

असं म्हणून मी पुढे झालो आणि साहेबांच्या कंबरेला टेप घातली. कंबर नव्हतीच! हातात नुसतं कापड आलं, टोपी माझ्या डोक्यावर पडली.

तेवढ्यात मागून उस्मानभाईंचा आवाज आला. इतका बारीक आवाज त्यांचा मी कधी ऐकला नव्हता.

"जिभाऊ... साहब इधर बेंच पर बैठे हैं. दोनों हाथ ऊपर हैं. नीचे करें क्या?"

दुकानासमोर तोवर पंधरा माणसं जमली होती. त्यांतल्या दोघांना साहेबांनी आदल्या आठवड्यात पत्ते खेळताना पकडलं होतं. ते दोघं फार समाधानानं बघत होते!

मला वाटलं, गेलो. पण साहेबांनी हात खाली घेतले, खांदे चोळले आणि एवढंच म्हणाले, "बराच वेळ वर धरले की दुखतात हो!" मी सगळं सांगितलं, डोळ्यांचं. त्यांनी ऐकून घेतलं. ट्रायल झाली. कोटही चांगला बसला.

पण तिथून पुढे ते दुकानात शिरले की दारातूनच वर्दी द्यायचे, "शिंपी, मी आलोय. मी बाकावर बसतोय. खुंटीवर माझा कोट आहे. आम्ही दोघं वेगळे आहोत!"

*

सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांचा केवढा बाजार भरतो ते सांगायला नको. आमचे गिऱ्हाईक धर्मा पाटील घोडी घ्यायला निघाले आणि सोबत म्हणून मला गाडीत घातलं. मला घोड्यातलं काय कळतं? घोड्याला मी आजवर काही शिवलेलं नाही.

एक घोडी पाटलांना आवडली. पांढरी, उंच, नखरेल. व्यापारी लांबून आलेला, बोलायला गोड. पाटील घोडीच्या दातांत डोकं घालून बसले. मी मागे उभा. व्यापारी घोडीच्या पाठीशी टेकून बोलत होता, आणि मला आपलं वाटलं, एवढं गोड बोलणाऱ्या माणसाचं तोंड तरी बघावं. म्हणून मी माझ्या सवयीनं नजर त्याच्या तोंडावरून काढून डावीकडे खाली नेली.

तिथं घोडीचा मागचा पाय होता.

मी पाय बघतच नव्हतो! मी त्याची मिशी बघत होतो. पण मिशी नीट दिसायला वेळ लागतो, म्हणून मी मान जरा तिरपी करून, डोळे बारीक करून, त्या पायावर नजर रोखून उभा राहिलो.

व्यापाऱ्याचं बोलणं मंदावलं. त्यानं घोडीला अर्धं पाऊल वळवलं. आता तोंड परत धुक्यात गेलं, म्हणून मीही अर्धं पाऊल सरकलो आणि नजर परत तिथंच. त्यानं परत वळवलं. मी परत सरकलो. आजूबाजूला चार माणसं थांबली. कुणीतरी कुजबुजलं, "हाऊ मोठा पारखी दिखस. तोंडाकडे देखतच नही!"

व्यापाऱ्यानं पागोट्याच्या शेवानं कपाळ पुसलं. मला बाजूला घेतलं आणि हात जोडले.

"सेठजी, मान गया आपकी नज़र को. बाप की कसम, यह पाँव की बात किसी को नहीं बताई थी. पाटीलजी से मत कहना!"

ते जोडलेले हात पाटलांनी बघितले आणि घोडी घेतली नाही. मी काहीच बोललो नाही, मला काही माहीतच नव्हतं! पुढच्या वर्षी मी यात्रेत सहज फिरत होतो, तर मला बघून तीन व्यापाऱ्यांनी घोड्यांवर झुली टाकल्या.

*

हा शेवटचा किस्सा आमच्या सुनेला आवडत नाही. ती आता माहेरी गेलीय, म्हणून सांगतो.

सुपडू तेविशीचा झाला, हाताखाली तयार झाला. पण लग्न जमेना. दोन स्थळं आली आणि परत गेली. मुलात खोट नव्हती. खोट माझ्यात होती. बाप आंधळा होत चाललाय, हे रक्तात उतरतं, उद्या मुलगाही तसाच होईल, असं समाजात कुणीतरी बोललं. तिसरं स्थळ तळोद्याचं, शिंप्याचंच घर. मुलीनं अठरा ओलांडलेलं, त्या काळी उशीरच झालेला, म्हणून त्यांनाही घाई.

सुपडूच्या मायनं वाटेत मला बजावलं, "डोयासनं काही बोलानं नही. हां म्हना, नही म्हना, चहा प्या. बाकी काही नही!"

सुपडू गाडीत टोपीची घडी मोडत होता, परत घालत होता. मला कळत होतं. हे तिसरं स्थळ गेलं असतं तर त्यानं मला एका अक्षरानं दोष दिला नसता, आणि तेच मला नको होतं.

तळोद्याला भरदुपारी पोचलो. खोलीत भिंतीला लागून पाहुणे बसलेले, मुलीचा बाप, तिचा मामा, आत्या. मुलीला आणलं आणि मधोमध पाटावर बसवलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण मुलाच्या बापानं आधी बघायचं.

मी बघितलं. जांभळं लुगडं, हिरव्या बांगड्या, तोंडाच्या जागी धुकं. म्हणून मी नजर डावीकडे खाली नेली, जमिनीवर.

आत्या कुजबुजली, "व्याही तठे देखी ऱ्हायनात. सरक त्यासना समोर!" मुलीनं पाट उचलला आणि मी बघत होतो तिथं येऊन बसली. नाहीशी झाली!

मी नजर आणखी डावीकडे नेली. ती आणखी डावीकडे सरकली. परत नाहीशी. मी कणगीकडे बघितलं. ती कणगीजवळ आली. मी दाराकडे बघितलं. मामानं पाय आखडून तिला वाट दिली आणि ती दाराजवळ गेली. मला घाम फुटला. सुपडूची माय मला कोपरानं ढोसत होती. पण मी करणार काय? मुलगी बघितल्याशिवाय हां कसं म्हणू? आणि का दिसत नाही ते सांगायचं नव्हतं!

अर्धी खोली फिरून झाल्यावर मुलीचा बाप उभा राहिला. आवाज चढला होता.

"पाहुना, पोर पसंत नही तं सरळ सांगा! घरभर कसाले फिरावतस तिले?"

सुपडूनं मान खाली घातली.

तेव्हा मुलगी बोलली. पाट हातात धरून ती दाराजवळ उभी होती.

"बाबा," ती मला म्हणाली, "मी कोठे बठू म्हंजे तुम्हले दिखसू?"

मी बोट केलं, कणगीच्या अलीकडे, दोन हात. ती आली, पाट ठेवला, बसली. मी माझी नजर तिच्या डावीकडे खाली ठेवली आणि या वेळी ती हलली नाही. हळूहळू कपाळ दिसलं, नाक दिसलं, हनुवटीवरचं गोंदण दिसलं. ती माझ्याकडेच बघत होती.

"आते विचारा, काय विचारानं शे ते," ती म्हणाली.

मी सगळं विसरलो होतो. नाव विचारायचं, स्वयंपाक विचारायचा, काही म्हणता काही आठवेना.

"तुले सुई ओवता येस का?" मी विचारलं.

"कितल्या ओवी देऊ?"